उजव्या खांद्यावरची पाकळी

माझी कुठली दाढ दुखते इथपासून भावकीतल्या कुठल्या माणसाचा मला राग येतो इथपर्यंत माझ्या बायकोला सगळं ठाऊक असतं. हे मात्र ठाऊक नाही. पोरीला नाही, भावाला नाही. देवालाही मी तोंडाने कधी सांगितलेलं नाही — आता त्याला वेगळं काय सांगायचं म्हणा, तो समोरच होता. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही माझ्या गावचे नाही म्हणून. उगाच तुमच्यावर माझा फार विश्वास बसलाय असं समजू नका.

मी गुरव. राजापूरहून एसटीने तासभर आत आलं की सडा लागतो, मैलभर नुसता कातळ, आणि सडा उतरला की आमचं गाव. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. देवळाभोवती राई आहे. म्हणजे — होती त्याच्या निम्मी आहे. देवाच्या नावाने राखलेलं रान. आत चपला घालून जायचं नाही, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, पडलेलं फळ खाल्लं तर बी तिथेच टाकायची. सख्खा मेहुणा नांगराच्या दांडीसाठी एक फांदी मागायला आला, तर माझ्या बापाने त्याला राईच्या तोंडावरून परत लावला होता. आई आठ दिवस बापाशी बोलली नाही. बापही बोलला नाही. मला तेव्हा बापाचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

बापामागे पूजा माझ्याकडे आली. राईतल्या झऱ्याचा गाळ दरवर्षी मी काढायचो. कुणी बघायला नसायचं, आणि तेव्हा त्याचं मला काही वाटतही नव्हतं. कुणी बघावं असं वाटायला लागलं ते अनंता आल्यावर.

अनंता माझ्या बरोबरीचा. शाळेत आम्ही एका बाकावर. दहावी झाल्यावर तो मुंबईला गेला, छापखान्यात लागला, आणि निवृत्त होऊन बायकोला घेऊन गावी परत आला. बाकीचे परत येतात ते ओटीवर बसून मुंबईच्या गोष्टी सांगतात. हा दुसऱ्या दिवशी सकाळी अनवाणी राईत. हातात वही. घाणेरीचं जाळं वाढलं होतं ते एकट्याने उपटलं, दोन्ही हात रक्ताळले तरी. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत राईतल्याच बिया रुजवून रोपं केली आणि जिथे झाडं मेली होती तिथे लावली. जत्रेत थर्माकोलच्या पत्रावळी झऱ्यात जायच्या, त्या बंद केल्या. भांडला नाही कुणाशी, प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगून आला. काम चांगलं होतं. मला तेव्हाही कळत होतं ते. कळत नसतं तर बरं झालं असतं, नाही?

झाडांची नावं तो मलाच विचारायचा. "सदा, ह्या झाडाला काय म्हणतात आपल्यात?" मी सांगायचो — हा किंजळ, ही सातवीण, हा काजरा, ह्याच्या बिया तोंडात घालू नको. तो लिहून घ्यायचा. महिन्याभराने झाडांपुढे लाकडी पाट्या उभ्या राहिल्या, सुंदर अक्षरात. छापखान्यातला माणूस, अक्षर चांगलंच असणार. खाली बारीक अक्षरात त्याचं नाव. आता सगळं सांगायला बसलोय तर हेही सांगतो — नाव घालण्याआधी तो माझ्याकडे आला होता. म्हणाला, तुझं नाव घालतो, माहिती तुझी आहे. मी म्हटलं, माझं कशाला, देवाची झाडं ती. आणि त्याने माझं ऐकलं. मेल्याने ऐकलं कशाला? दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो.

मग रत्नागिरीच्या कॉलेजातली मुलं यायला लागली, बरोबर एक मॅडम. अनंता पुढे, मुलं मागे. राईच्या पूर्वेच्या अंगाला एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत दरवर्षी ककणेर घर करायचं — ते मोठ्या चोचीचं, शिंग असल्यासारखं दिसणारं पाखरू. मादी ढोलीत बसते, तोंड लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आणि नर दोन-अडीच महिने बाहेरून फळं आणून तिला भरवतो. ती ढोली अनंताला मी दाखवलेली, आम्ही दहा वर्षांचे असताना. मुलांना त्याने ते सांगितलंही — "लहानपणी मला माझ्या एका मित्राने ही ढोली दाखवली." एका मित्राने. तो एक मित्र तिथेच पाण्याची कळशी घेऊन उभा होता. मुलांना तहान लागली असेल म्हणून घेऊन गेलो होतो. मॅडमनी मोबाईल वर धरला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काका, जरा बाजूला होता का? झाड पूर्ण येत नाहीये." मी बाजूला झालो. त्या बाईंचा काही दोष नाही. पण ते वाक्य मी रोज ऐकलं, रोज, पूजा करतानाही.

पुढे पेपरात आलं. अनंताचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत — राईचा राखणदार. आमच्यात राखणदार कुणाला म्हणतात ठाऊक आहे ना? माणसाला नाही म्हणत, जागा राखणाऱ्या देवाला म्हणतात. बायकोने कात्रण भिंतीला लावलं. "अनंतभावजींनी गावाचं नाव काढलं हो." मी ते काढून पंचांगात ठेवलं, हवेने उडेल म्हणून — असं तिला सांगितलं. मग दिवसातून दोनदा पंचांग उघडायचो. तिथी बघायला नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. मीही स्वतःला तेच म्हणायचो. पण मत्सर काही मोजून मापून येत नाही हो. मला तर त्याचं खोकणंसुद्धा आवडेनासं झालं होतं.

तर — मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाने देवळाच्या जीर्णोद्धाराचं काढलं. जुनं कौलारू देऊळ पाडून नवं, स्लॅबचं, पुढे मोठा सभामंडप, गाड्या लावायला जागा. जागा कुठून येणार? पूर्वेच्या अंगाची राई तोडून. बेहड्यासकट. अनंता उभा राहिला, म्हणाला देऊळ दुरुस्त करू, वासे बदलू, राईला हात नको. त्या झाडांच्या मुळांवर झरा आहे, तो आटला तर खालच्या वाडीने काय करायचं? अर्धा गाव त्याच्या बाजूला, अर्धा मंडळाच्या. दोन बैठकांत नुसती वादावादी झाली. शेवटी शिमग्याला सगळे चाकरमानी आलेले असताना ठरलं — देवालाच विचारू. कौल लावायचा.

कौल कसा लावतात ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचा देव म्हणजे उभा काळा पाषाण. गुरवाने फुलाच्या पाकळ्या तांब्यातल्या पाण्यात भिजवायच्या आणि एक देवाच्या उजव्या खांद्यावर, एक डाव्या खांद्यावर चिकटवायची. मग गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे म्हणणं मांडायचं, आणि प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. देवाने सांगितलं की गावात पुढे कुणी तोंड उघडत नाही. आमच्याकडे भाऊबंदकीची भांडणं कोर्टात मिटली नाहीत, ती पाकळीवर मिटली आहेत. आणि कौल लावायचा मान आमच्या एकाच घराचा. बापाने मला शिकवलं होतं — दोन्ही पाकळ्या एकाच तांब्यात, सारख्या बुडवायच्या, अंगठ्याने दाबायच्या नाहीत, नुसत्या टेकवायच्या. का, ते त्याने सांगितलं नाही. सांगायला लागतच नव्हतं. चांगली भिजलेली पाकळी बराच वेळ धरून राहते. अर्धवट कोरडी लवकर सुटते. हे आमच्या घरात प्रत्येकाला ठाऊक, आणि त्याचा कुणी कधी उपयोग केला नाही.

एक गोष्ट मात्र विश्वास ठेवा किंवा ठेवू नका — मला राई तुटायला नको होती. त्या दिवशी सकाळी आंघोळ करताना मी मनात म्हणत होतो, देवा, डावा दे, डावा दे. ती राई माझ्या बापाची होती. माझी होती. अनंतापेक्षा माझा जीव तिच्यात जास्त होता, हे मी आजही कुणासमोर छातीवर हात ठेवून सांगेन.

देवळात गर्दी होती. मी तांब्या भरून आत जात होतो. दारातल्या खांबाला टेकून आमच्यातलाच एक म्हातारा बसला होता, चांगला माणूस, तो शेजाऱ्याला म्हणाला, "बघ, आज अनंताची राई वाचतेय."

अनंताची राई.

मी थांबलोसुद्धा नाही. आत गेलो. पाकळ्या तांब्यात बुडवल्या. डावी नीट भिजवली, टेकवली. उजवी — उजव्या पाकळीचं पाणी मी बोटाने निपटून टाकलं. पाठ लोकांकडे होती. एका क्षणाचं काम. मग खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं आणि विचारलं — राई तोडून मंडप बांधू देतोस तर उजवा दे, नको म्हणत असशील तर डावा दे. माझा आवाज चांगला आहे, सगळे म्हणतात. त्या दिवशी तर फारच चांगला लागला.

उजवी पडली.

अनंता पुढे आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. हात जोडून म्हणाला, "सदा, आणखी एक डाव विचार." तसा रिवाज आहे, शंका असेल तर पुन्हा विचारतात. म्हणजे देवाने म्हणा, दैवाने म्हणा, मला संधी दिली. पहिल्यांदा हात घसरला असं मी स्वतःला सांगू शकलो असतो. दुसऱ्यांदा? दुसऱ्यांदा मी सावकाश केलं. आधी डावी भिजवली. मग उजवीचं पाणी निपटलं, आणि उरलेला ओलेपणा धोतराच्या काठाला पुसला. आणि ते करताना — काय वाटत होतं सांगू? बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांनी बरं वाटत होतं.

अनंता भांडला असता, मला शंका आहे म्हणाला असता, तर मी कदाचित सुटलो असतो. त्याने तसं काही केलं नाही. त्याने देवापुढे लोटांगण घातलं. त्याला देवावर शंका नव्हती आणि माझ्यावर तर त्याहून नव्हती. गर्दी पांगल्यावर तो पायरीवर माझ्याजवळ बसला. "सदा, माझा काय चुकला रे?" आमच्याकडे असंच बोलतात.

इथे मी गप्प बसू शकत होतो. नुसतं खांद्यावर हात ठेवला असता तरी चाललं असतं. मी म्हणालो, "देवाच्या वस्तूवर कुणी आपलं नाव लिहिलेलं देवाला आवडत नाही, अनंता."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक-एक करून त्याने सगळ्या पाट्या उपटल्या आणि घरी नेल्या. रोपांना पाणी घालायला यायचाही बंद झाला. पाकळी एकदाची पडून गेली, तिचं समजू शकतो. पण ह्या वाक्यासाठी मला कुणी भरीला घातलं होतं? ते माझं मीच, बसल्या जागी तयार केलं.

चैत्रात झाडं पाडायला माणसं आली. बेहड्याच्या ढोलीचं तोंड लिंपलेलं होतं. मला ठाऊक होतं. चैत्रात मादी आत असते हे त्या गावात माझ्याइतकं आणि अनंताइतकं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि अनंता तिकडे फिरकलाच नाही. मी मुकादमाला म्हणू शकत होतो, दीड महिना थांबा, हे एवढं झाड शेवटी घ्या. म्हणालो नाही. म्हणालो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, गुरवाला एवढा कळवळा, मग कौल कसा असा आला? असं कुणी विचारलं नसतंच. पण मी भ्यालो. झाड आडवं झाल्यावर ढोली फुटली. मादी आणि दोन पिल्लं, तिन्ही मेलेली. मी ती उचलून झऱ्याच्या वरच्या बाजूला पुरली. नर पाच-सहा दिवस येत होता, चोचीत फळ घेऊन, आणि जिथे झाड होतं त्या जागेवरून फिरून परत जात होता. मी पूजेला जायची वेळ बदलली.

ह्याला आता सात वर्षं झाली. सभामंडप झाला. दारातल्या संगमरवरी फरशीवर मंडळाच्या लोकांबरोबर माझंही नाव आहे. खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मी येता-जाता ते वाचत होतो. झरा माघाअखेर आटतो. खालच्या वाडीत उन्हाळ्यात टँकर येतो. आणि देवाने मला काही केलं नाही. ना आजार, ना अपघात, पोरीचं लग्न चांगल्या घरात झालं. पहिलं वर्ष मी वाट बघत होतो. नंतर वाट बघणंही सोडलं.

मत्सर संपला का? इथेच तर गंमत आहे. हरल्यावरही लोक अनंताच्याच ओटीवर बसायला जात. त्याची कीव करत, त्याच्याशी हळू आवाजात बोलत. तो जिंकला असता तर एकदा कौतुक होऊन संपलं असतं. आता सात वर्षं सगळा गाव त्याच्याशी मऊ बोलतोय. माझ्याशी कोण मऊ बोलतं?

तो दर सोमवारी देवळात येतो. मी त्याच्या हातावर तीर्थ घालतो.

आता गेल्या सोमवारचं सांगतो, ते सांगायलाच बसलो होतो खरं तर. सड्यापलीकडच्या गावातही राई आहे, आमच्यापेक्षा मोठी. तिथे आता तेच चाललंय — मंडप, गाड्या, मोकळी जागा. तिथली चार माणसं अनंताकडे आली होती. म्हणाली, आम्हाला गावाशी कसं बोलायचं ते कळत नाही, तुम्ही चला, तुमचं लोक ऐकतील. त्याने त्यांना सांगितलं, माझ्या हातचं देवाला चालत नाही. आधी देवाला विचारीन, मग सांगीन.

म्हणून तो सोमवारी नारळ घेऊन आला. देवळात आम्ही दोघंच. म्हणाला, "सदा, गाऱ्हाणा घाल. माझा काय चुकला असेल ता पोटात घाल म्हणून सांग. आणि मी जाऊ काय त्या गावात, विचार."

मी गाऱ्हाणं घातलं. बा देवा महाराजा, हा तुझा अनंता तुझ्या पायाशी आलाय. कळत नकळत त्याच्या हातून काय चूक झाली असेल ती पोटात घाल. एरवी गाव एका सुरात 'होय महाराजा' म्हणतो. त्या दिवशी तो एकटाच म्हणाला. डोळे मिटलेले, हात जोडलेले. प्रत्येक ओळीला तो होय महाराजा म्हणत होता आणि मी थांबलो नाही. आवाजही कापला नाही.

मग कौल. तांब्या भरलेला होता, फुलं ताटात होती. काही करायचंच नव्हतं. दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवायच्या आणि देव काय म्हणतो ते बघायचं. बापाने शिकवलं तसं. नाहीतर उजवी कोरडी ठेवायची आणि हो मिळवून द्यायचं त्याला. तेही पाप असतं, पण निदान त्याच्या बाजूचं असतं. मी फूल उचललं आणि माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? ते गाव. अनंता पुढे, माणसं मागे. राई वाचलेली. पुन्हा पेपर, पुन्हा फोटो. ह्या वयात, सात वर्षांनंतर, मेलेल्या पाखरांना हाताने पुरल्यानंतर — तेच आलं डोळ्यांपुढे.

मी फूल ताटात ठेवलं. म्हणालो, "आज नको, अनंता. देवाचा राग अजून गेलेला दिसत नाही."

त्याने देवाला नमस्कार केला. अर्धा नारळ घेतला, घंटेला हात लावला आणि उतरून गेला.

त्या गावात झाडांना हात लावायचा तो अमावास्या झाल्यावर, असं ऐकतोय. अमावास्येला अजून नऊ दिवस आहेत. अनंताचं घर माझ्या अंगणातून दिसतं. आत्ताही तो ओटीवर बसलेला आहे, आणि मी इथे बसून हे तुम्हाला सांगतोय.